न भिजवलेलं तिकीट

वजीर होडेकर या माणसावर मी पहिल्यांदा खेकसले ती कापरावरून.

रत्नागिरीच्या मांडवीत आमची घरं पाठीला पाठ लावून. मधे कंबरेएवढा चिऱ्याचा गडगा. त्यांच्या मागच्या खोलीतून पावसाळाभर कापराचा वास यायचा आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरायचा. आम्ही तेव्हा नवीनच राहायला आलेलो. मी शाळेतली मास्तरीण, त्यात जयभीमवाली, जन्म गेला पोरांच्या डोक्यातली भुतं काढण्यात. गडग्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "अहो होडेकर, हे काय मंतरतंतर चाललंय रोज? मला असले प्रकार चालायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते."

उंच, जरासे वाकलेले गृहस्थ बाहेर आले. हातात एक बारीक चिमटा.

"मंतर कसला बाई? तिकिटं आहेत. पोस्टाची. बुरशी येऊ नये म्हणून कापूर ठेवतो."

मला वाटलं, थापा मारतोय. गडग्याला वळसा घालून तरातरा त्यांच्या घरात गेले. टेबलावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्यात कापराच्या वड्या आणि भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या, आणि मधे आल्बम. आमच्याकडच्या हवेत पापड टिकत नाही, तिथे कागदाची काय कथा. वजीरभाईंनी आल्बम उघडला आणि मी दचकले. पानावरची तिकिटं हलली. एकेक करून कडेने उचलली गेली, झोपलेलं माणूस हाक मारल्यावर उठून बसतं तशी.

"दमट हवा लागली की उठतात," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर परत झोपतील."

सरळ कारण होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला तो आलाच.

वजीरभाई एस.टी.च्या डेपोत स्टोअरकीपर होते. बायको लवकर वारली, मुलगा फैझान दोहाला. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, शमीमआपा. माणूस अबोल. पगार घ्यायचा, बाजार करायचा, नमाजाला जायचं आणि उरलेला वेळ त्या डब्यासमोर. आल्बममध्ये सगळी तिकिटं इंग्रजांच्या राज्यातल्या बंदरांची. एडन, झांझिबार, मोम्बासा, मॉरिशस, सेशेल्स. बहुतेकांच्या कोपऱ्यात राजाचं नाहीतर राणीचं मुंडकं, आणि बाकी सगळं आपल्यासारखंच. माड, होड्या, मासे.

"काय हो," मी म्हटलं, "इंग्रजांनी छळलं ते कमी पडलं म्हणून त्यांची मुंडकी जमवताय?"

"मुंडक्यांचं काय करायचंय, बाई. हा रस्ता आहे."

"कसला रस्ता?"

"गनीचा."

तेवढ्यात शमीमआपा चहा घेऊन आली. मी विचारलं, कोण गनी? ती अगदी सहज म्हणाली, "आमचा मोठा भाऊ गो. जहाजावर असतो."

असतो! मला वाटलं, असेल बुवा, येईल सुट्टीवर. दोनतीन वर्षं मी तशीच समजूत करून घेतली होती. एकदा आपाकडे दूध विरजायला गेले तेव्हा पाहिलं, पुढच्या दाराची आतली कडी गंजून भिंतीला चिकटलेली. मी म्हटलं, आपा, कडी घालत नाही का? चोर शिरेल एखादा. तर म्हणाली, "गनी कधी येईल सांगता येत नाय. बाहेर उभा राहील बिचारा. आई होती तेव्हापासून नाय घालत." आणि मग तिनं सगळं सांगितलं. मिसरूडही न फुटलेला गनी जहाजावर गेला होता आणि मी लग्न होऊन रत्नागिरीत यायच्या कितीतरी आधी बेपत्ता झाला होता. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि जरा बसले.

गोष्ट अशी. होडेकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं दर्यावर. गनीही एका मालवाहू जहाजावर खलाशी झाला. बंदर आलं की आईला पत्र टाकायचा. पत्र आई वाचून घ्यायची, पाकीट धाकट्या वजीरचं. पोरगं बशीत पाणी घ्यायचं, पाकिटाचा कोपरा भिजवायचं, तिकीट सुटून वर तरंगलं की चिमट्याने उचलून टीपकागदावर वाळवायचं. ही रीत त्याला गनीनेच शिकवलेली. असं एडन आलं, झांझिबार आलं, मोम्बासा आलं, मॉरिशस आलं.

मग एक पत्र आलं ते वेगळ्याच तिकिटाचं. सेशेल्सचं तिकीट, पण त्यावर चार इंग्रजी अक्षरं काळ्या शाईत वरून छापलेली. जगभर इंग्रज गाशा गुंडाळत होते आणि ऐन समुद्रात काही बेटं धरून नवी वसाहत काढत होते. तिथली स्वतःची तिकिटं छापून होईपर्यंत दुसऱ्याच्या तिकिटांवर छापा मारून भागवलेलं. गनीचं जहाज तिथे खोबरं भरायला गेलं होतं. पोरगं हरखलं. बशीत पाणी घेतलं, पाकीट उचललं, आणि आईने फाडकन हातावर मारलं.

"राहू दे ते! माझ्या पोराने जीभ लावलीय त्याला."

तिला काय वाटलं असेल कोण जाणे. आधीची सगळी तिकिटं डोळ्यांसमोर भिजली, तेव्हा ती काही बोलली नव्हती. हे एकच तिने अडवलं. आणि त्यानंतर पत्र आलंच नाही. पुढे कंपनीचं माणूस सांगून गेलं की गनी त्या बेटावर उतरला तो परत जहाजावर चढलाच नाही. पळाला म्हणाले. बुडाला कोणी म्हणालं नाही, मेला कोणी म्हणालं नाही. पत्र आईच्या उशाखाली राहून राहून विरून गेलं. पाकीट तेवढं राहिलं, तिकिटासकट.

वजीरभाई मोठे झाले, नोकरीला लागले आणि बंदराबंदराच्या पोस्टमास्तरांना लिहायला लागले. गनी होडेकर नावाच्या माणसाचं पत्र, मनीऑर्डर, काही पडून आहे का? कोणी पाहिलाय का? उलट टपाली उत्तरं यायची. साहेबी सभ्य उत्तरं, पण सगळ्यांचं सार एकच. आणि प्रत्येक पाकिटावर तिथलं तिकीट. कोणी दयाळू पोस्टमास्तर मुद्दाम जुनं, छान तिकीट लावायचा. कोणी चारदोन वापरलेली जुनी आत घालायचा, तुमच्या संग्रहासाठी म्हणून. संग्रह! हे असं जमलं सगळं. लोक म्हणायचे, होडेकरांना काय छान छंद आहे. मीही म्हणायचे. त्या आल्बममध्ये गनीची स्वतःची चार तिकिटं सोडली, तर बाकीचं एकेक तिकीट म्हणजे 'नाही' आहे, हे कळल्यावर मला तो आल्बम बघवेना.

"आणि त्या बेटावर विचारलंत?" मी एकदा म्हटलं.

"विचारलं. उत्तर आलं नाही." मग म्हणाले, "तिथे कोणी नाही, बाई. सरकारने लोकं उचलून दुसरीकडे नेली. सगळी. फौजेला बेट पाहिजे होतं. ज्यांनी गनीला पाहिला असेल ती माणसंच तिथे नाहीत. घरं आहेत म्हणे. दारं उघडी."

बेटाचं नाव त्यांनी घेतलं नाही. कधीच घेत नाहीत.

मधे पुण्याचा एक विनीत नावाचा तरुण येऊन गेला, तिकिटांचा व्यापारी. कोणाकडून तरी ऐकून आला होता. आल्बम भराभर चाळला, मान हलवली, ठीक आहे म्हणाला. मग वजीरभाईंनी ते पाकीट दाखवलं आणि पोरगा खुर्चीत ताठ झाला. भिंग काढलं, शिक्का पाहिला, परत पाहिला.

"काका, सुटं तिकीट पुष्कळांकडे आहे. पण त्या बेटावरून खरंच टपालात पडून आलेलं पाकीट मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. हात जोडतो, हे कधी भिजवू नका. तिकीट सुटलं की सगळं गेलं. काय पाहिजे ते मागा."

"विकायचं नाही," वजीरभाई म्हणाले.

"निदान पावसाळ्यात माझ्याकडे ठेवा. मशीन आहे, हवा कोरडी राहते."

"त्याला इथली हवा ठाऊक आहे," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी पाकीट डब्यात ठेवलं. विनीत माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार, कप्पाळ?

या पावसात शमीमआपा अंथरुणाला खिळली. छातीत पाणी झालेलं. डॉक्टरांनी फैझानला फोनवर काय ते सांगितलं असावं, कारण तो रोज फोन करायला लागला. मी सकाळी पेज घेऊन जायची. एक दिवस तिनं माझं मनगट धरलं.

"प्रेमला, पडवीत खोकतोय तो."

"कोण?"

"गनी. पावसात खोकतो गो. लहानपणी पण खोकायचा. आत ये म्हटलं तर येत नाय."

"आपा, तूच खोकतेस. घरभर घुमतो तुझा खोकला," मी दटावलं. पण उठून पडवीत जाऊन आले. कोणी नव्हतं. ओल्या शहाबादी फरशीवर मांजरसुद्धा नव्हतं.

ती म्हणाली, "वजीरला सांग. त्याची गायबाना नमाज पढ म्हणावं. तुझं ऐकतो तो."

मला अर्थ कळेना, तेव्हा तिनंच समजावलं. मय्यत समोर नसेल, दर्यात गेली असेल, परमुलखात गेली असेल, तरी तिच्यासाठी जनाज्याची नमाज पढता येते. आमच्या कोकणी मुसलमानांत ही चाल आहे, दर्यावर्दी माणसं, दुसरं करणार काय. मौलवीसाहेब तर कधीपासून सांगतायत, माणसाचं आयुष्य पुरून उरेल एवढा काळ लोटला, आता पढू या. अडलंय ते वजीरवर. घरातला पुरुष तो. त्यानं एकदा तोंडाने म्हणायला हवं, माझा भाऊ गेला.

"माझ्याआधी त्याची होऊ दे," आपा म्हणाली. "तो थोरला आहे."

मी सरळ मागच्या खोलीत गेले. वजीरभाई डब्यातला कापूर बदलत होते.

"काय हो, त्या म्हातारीचा जीव का टांगून ठेवलाय? एक वाक्य बोलायचं आहे तुम्हाला. जीभ झिजणार आहे?"

"कोणतं वाक्य?"

"उगाच वेड पांघरू नका. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मी म्हणायचं तो मेला? कशावरून, बाई? कोणी सांगितलं? कोणी पाहिला? उद्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, वजीर, तू माझी जनाज्याची नमाज पढलास?"

"मग तुम्ही काय त्याला इथे सांभाळून ठेवलाय?"

त्यांनी नुसता हात पुढे केला आणि त्या पाकिटावर ठेवला. इतका अलगद, की माझा रागच विरघळला. हा माणूस खरोखर तसंच समजत होता. त्याचा भाऊ त्या डिंकाखाली होता. आईने सांगून ठेवलेलं, राहू दे, आणि ते राखत बसला होता. बाकीच्या तिकिटांवरचा गनी त्यानं स्वतःच्या हाताने बशीत धुऊन टाकला होता, हे डोक्यात किती वर्षं कुरतडत असेल त्याच्या!

तरी मी बोललेच. माझा स्वभावच मेला तसा. "माझा नवरा, दत्ताराम, गेला तेव्हा मी त्याला हात लावला. थंड लागला. त्यानंतर मला कोणी फसवू शकलं नाही, मी स्वतःसुद्धा नाही. रडले, जेवले, शाळेत गेले. तुम्ही अजून रडलासुद्धा नाहीत, वजीरभाई."

माझा आवाज चढला असणार. कारण मागे बघते तर शमीमआपा भिंतीला धरून दारात उभी. कशी उठली, कोण जाणे. धाप लागलेली.

"वजीर," ती म्हणाली, "मी मेले की तुम्ही सगळी मिळून मला आंघोळ घालाल. बोरीचा पाला घालून पाणी कढवाल, कापूर लावाल, पांढरं नेसवाल. हो ना?"

"आपा, बस आधी."

"वर आई विचारील, शमीम, माझ्या गनीला कोणी आंघोळ घातली का? काय सांगू तिला?"

वजीरभाईंनी तिला धरून आत नेलं. मी पेजेचं रिकामं भांडं घेऊन घरी आले. दिवसभर कशातही लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून हाक आली. "बाई, तुमच्या बोरीचा थोडा पाला घेऊ?" मला वाटलं आपाच्या पाठीला शेक द्यायला हवा असेल. म्हटलं, घ्या की, विचारता काय. त्यांनी कोवळा पाला निवडून निवडून घेतला आणि रुमालात बांधला.

शुक्रवार होता. मी नेहमीसारखी गेले, तर पुढच्या खोलीत आपाला खुर्चीत बसवलेलं, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली. टेबल धुऊन पुसून घेतलेलं. त्यावर ती लहानपणची बशी, कडेचा एनॅमल उडालेली. दोन भांडी कोमट पाण्याची, एकात बोरीचा पाला, दुसऱ्यात कापूर चुरलेला. बाजूला पांढऱ्या मलमलीचा तुकडा. आणि मधोमध ते पाकीट. आपाने मला खुणेने बस म्हटलं. मी भांडं मांडीवर घेऊन बसले.

वजीरभाईंनी हात धुतले. बिस्मिल्ला म्हणाले. पाकीट बशीत आडवं ठेवलं आणि उजव्या कडेने पाणी सोडायला सुरुवात केली. पाल्याचं पाणी, परत पाल्याचं, मग कापराचं. ओंजळीने, थेंबही बाहेर न सांडता. पाकिटावरचा आईच्या नावाचा पत्ता गनीच्या हातचा होता. शाई सुटली. पाणी हळूहळू निळं झालं. शिक्क्याचा अर्धा भाग विरला. विनीत असता तर भोवळ येऊन पडला असता. मी ते निळं पाणी बघत होते. आपाचे ओठ हलत होते.

तिकीट लवकर सुटेना. इतक्या वर्षांचा डिंक. वजीरभाईंनी चिमटा घेतला नाही, घाई केली नाही. बोटाने पाणी सोडत राहिले. मग एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि तिकीट आपलं आपण वर आलं. त्यांनी ते तळहातावर उलटं घेतलं. मागे डिंकाचा पिवळसर पट्टा होता. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला, एकदाच फिरवला आणि पट्टा निघून गेला.

"झालं, आपा," ते म्हणाले. आणि मग त्या म्हाताऱ्या माणसाला असं रडू फुटलं, की आपाला खुर्चीतून उठून त्याचं डोकं पोटाशी धरावं लागलं. "गनी गेला, आपा. गनी गेला."

"हो रे," ती म्हणत राहिली. "हो रे बाबा."

तिकीट मलमलीत गुंडाळलं गेलं. बशीतलं पाणी त्यांनी गटारात सोडलं नाही, माडाच्या मुळाशी घातलं. दुपारी जुम्म्यानंतर गायबाना नमाज झाली. आमच्या आळीतली बरीच मंडळी थांबली होती म्हणे, ज्यांनी गनीला कधी पाहिलंही नव्हतं तीसुद्धा. तिथून वजीरभाई कबरस्तानात आईच्या कबरीकडे गेले. परत आले तेव्हा दोन्ही हात लाल मातीने भरलेले होते आणि खिशात ती मलमल नव्हती.

संध्याकाळी गडग्यापलीकडून ठाकठोक ऐकू यायला लागली. बघायला गेले तर वजीरभाई पुढच्या दाराशी उकिडवे, हातात दगड. कडी गंजून बसलेली, जागची हलेना. मी घरून खोबरेल आणलं. तेल सोडलं, फडक्याने पुसलं, दोघांनी मिळून जोर लावला. कितीतरी वेळाने ती करकरत खाली आली आणि कोयंड्यात बसली. घर एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

आतून आपाने विचारलं, "घातलीस?"

"घातली."

 मग तिचा अगदी बारीक आवाज आला, "आणि तो आलाच तर?"

वजीरभाईंनी तेलाचा हात लुंगीला पुसला. "आला तर वाजवील दार. ऐकू येतं अजून आपल्याला."

शमीमआपा पंधरवड्याने गेली. शांत गेली, थोरल्या भावाच्या मागून. आता पलीकडच्या घरात वजीरभाई एकटेच असतात. आल्बम त्यांनी विनीतला देऊन टाकला. पाऊस असून कापराचा वास येत नाही, आणि तो येत नाही म्हणून मला चुकल्यासारखं होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पोरांना जन्मभर हेच शिकवलं. पण पाऊस लागला आणि पलीकडच्या पडवीत कोणी खोकलं, की मी हातातलं काम थांबवते, गॅस बारीक करते, आणि दार वाजतंय का ते ऐकत उभी राहते.